वर मजला चढतो काय?

"छपराचं राहू दे हो. वर मजला चढतो काय, एवढंच सांगा."

माझ्या उभ्या आयुष्यात हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला की आता तो कुणी विचारायच्या आधीच माझी मान आपोआप हलते. आमच्या बेळगावात घर बांधणारा माणूस पायाच्या आधी वरच्या मजल्याचा विचार करतो. तळमजला होतो, स्लॅब पडतो आणि स्लॅबमधून खांबांच्या सळया आकाशाकडे तोंड करून वर राहतात. त्या वाकवायच्या नाहीत, कापायच्या नाहीत. मुलगा मोठा होईल, त्याचं लग्न होईल, तेव्हा त्या सळयांना जोड देऊन वर खोली निघेल. शहापूर, वडगाव, निपाणी, चिकोडी, कुठल्याही गल्लीत गच्चीवर चढून बघा. गंजलेल्या सळयांचं रानच्या रान उभं आहे. त्यावर लोक गोधड्या वाळत घालतात.

अशा मुलखात मी बावीस-पंचवीस वर्षं गोल छपरं बांधली. गोल छपराला सळया काढायला जागा नसते. यावरूनच तुम्हाला आमच्या धंद्याची कल्पना यावी.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला "यशाची वाटचाल" लिहायला सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, वाटचाल झाली ती खरी, आता पाय दुखतात. तरी लिहा म्हणाले. म्हणून लिहितोय.

छपरं माझी नव्हती. ती नुरियाआक्कांची. नुरियाआक्का स्पेनच्या समुद्राकाठच्या. त्यांचे वडील आणि आजोबा तिकडे याच कामातले. त्या आर्किटेक्ट झाल्या, विजापूरचा घुमट बघायला म्हणून इकडे आल्या, बेळगावच्या एका प्राध्यापकांशी लग्न केलं आणि राहिल्या. प्राध्यापक वारले तरी परत गेल्या नाहीत. हिंडलग्याला, जेलच्या रस्त्याच्या पलीकडे त्यांचं छोटं घर आहे, अर्थातच गोल छपराचं. मराठी त्या गवंड्यांकडून शिकल्या, त्यामुळे पुस्तकी मराठीत बोलायला गेलं की अडखळायच्या आणि परांचीवर उभं राहिलं की फाडफाड बोलायच्या. इथल्या बायांसारखं "मी येतो, मी जातो" म्हणायच्या.

आमची गाठ पडली खडेबाजारात, एका हार्डवेअरच्या दुकानात. मी तेव्हा एका स्लॅबवाल्या कंत्राटदाराकडे सुपरवायझर होतो, डिप्लोमा झालेला, बाइंडिंग वायर न्यायला आलेलो. ही गोरी बाई पीओपीचं पोतं उघडायला लावून त्यातली चिमूट पाण्यात कालवून बोटावर घेऊन उभी. ते बोटावर किती वेळात घट्ट होतंय ते बघत होती. दुकानदार मला कन्नडमध्ये म्हणाला, हिला गणपती करायचाय बहुतेक. मी हसलो. आक्कांना कन्नडही थोडं कळत होतं हे मला नंतर, त्यांच्याकडे कामाला लागल्यावर समजलं.

पीओपी म्हणजे मूर्तिकार वापरतात तेच. या कामाचा सगळा जीव त्यात. ज्यांना बांधकामातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. एरवी कमान किंवा घुमट बांधायचा तर आधी खाली लाकडाचा सांगाडा उभा करावा लागतो, म्हणजे सेंटरिंग. त्यावर विटा रचायच्या, त्या पक्क्या झाल्या की सेंटरिंग काढायचं. आक्कांच्या पद्धतीत सेंटरिंगच नाही. हाताएवढ्या, पातळ, भाजक्या फरश्या घ्यायच्या. आम्ही खानापूरच्या भट्टीतून करून घ्यायचो. फरशीच्या दोन कडांना पीओपी लावायचं, ती आधीच्या फरशीला टेकवायची आणि हाताने धरून ठेवायची. पीओपी झटक्यात धरतं. हात काढला की फरशी हवेत राहते. मग तिला दुसरी, दुसरीला तिसरी. असा एक थर झाला की त्यावर सिमेंटमध्ये दुसरा थर, आडवा-तिरपा, सांध्यावर सांधा येऊ न देता. मग तिसरा. सगळं मिळून जाडी चार-पाच बोटं. आत लोखंड नाही. भिंती बाहेर फाकू नयेत म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खाली एखाददुसरी सळई ताणलेली, बस्स.

ताकद असते आकारात. आकार कसा काढायचा हे आक्का गिऱ्हाइकाच्या दारातच दाखवायच्या. गोठ्यातली गाईची साखळी मागून घ्यायच्या, तिची दोन टोकं दोघांच्या हातात द्यायच्या आणि सैल सोडायला लावायच्या. साखळी जशी लोंबते तो आकार उलटा केला की झालं छप्पर. लोक साखळीकडे बघायचे, आक्कांकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघून विचारायचे, वर मजला चढतो काय?

चढतो. हेच तर दुःख. उत्तर "चढतो" असं होतं. छपराच्या दोन्ही खांद्यांवर पातळ भिंती घेऊन वर सपाट जमीन करता येते. आक्कांच्या गावाकडे अशा इमारतींवर चार-चार मजले उभे आहेत म्हणे. पण बघणाऱ्याला खालून दिसायचं एक पोट. पोटावर घर बांधतात हे कुणाला पटणार? शेवटी आम्ही मजला नको अशाच जागा शोधायला लागलो. गोठे, वखारी, शाळांचे व्हरांडे, देवळासमोरचे सभामंडप. तिथे मात्र आमचं नाव झालं. पुण्याहून आर्किटेक्टची पोरं यायची, फोटो काढून मासिकांत द्यायची, गोल छपराखाली बसून भडंग खायची.

एक गोठा जांबोटीचा आठवतो. त्या जंगलपट्टीत सगळ्या वस्तू ओल धरतात. आम्ही पीओपीची पोती आधीच नेऊन ठेवली होती. कामाला लागलो तर फरशी काही धरेना. लावली की दोन क्षण राहायची आणि खाली. आक्कांना वाटलं फरशीत खोट आहे, मला वाटलं पाण्यात. दिवसभर आम्ही फरश्या लावत होतो आणि त्या पडत होत्या. म्हशी शांतपणे रवंथ करत बघत होत्या. घरमालक तुकाराम शेवटी म्हणाला, "आक्का, आजचा दिवस चांगला न्हाय. जेवा आन झोपा." पीओपी ओल लागून मेलं होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी बेळगावला येऊन नवीन पोतं घेतलं आणि दमट हवा लागू नये म्हणून चादरीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. बसची एक खेप चुकली तर पुढची कधी याचा भरवसा नसलेला तो रस्ता. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "लेकरू आजारी हाय काय?" मी "व्हय" म्हटलं. खरं सांगण्याइतकं त्राण नव्हतं.

आणि एक वखार निपाणीची. मालक जैन, तंबाखूचे व्यापारी, सगळे त्यांना आप्पा म्हणत. माणूस हौशी. पण काम चालू असताना रोज सकाळी येऊन खालून वर बघायचे आणि काही न बोलता जायचे. त्यांची काळजी कळायची. पहिला थर पूर्ण झाला त्या दिवशी आक्का आणि मी जेवायला गेलो होतो. आमच्याकडे स्लॅब पडला की त्यावर नारळ फोडतात. गवंड्यांच्या मुकादमाला वाटलं, छप्पर मिटलं म्हणजे नारळ फोडायला पाहिजे. तो परांचीवरून पुढे झुकला, छपराच्या बरोबर डोक्यावर त्याने हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ आपटला. स्लॅबवर आपटतात तसाच, सगळी ताकद लावून. एका फरशीच्या जाडीवर! नारळ आरपार गेला आणि खाली आप्पांच्या पुढ्यात पडला.

आम्ही पळत आलो तेव्हा आप्पा भिंतीला टेकून उभे होते, चेहरा पांढराफटक. मुकादम वर हात जोडून कन्नडमध्ये कुणाची तरी करुणा भाकत होता. आणि आक्का? आक्का वर बघून टाळ्या वाजवायला लागल्या. "बगा, आप्पा, बगा! भोक नारळाएवढंच हाय! बाकीचं हाललं बी न्हाय!" खरंच, भोकाच्या काठाची एकही फरशी सुटली नव्हती. आप्पांना ते पटायला थोडा वेळ लागला. पटल्यावर मात्र ते भोक बुजवू देईनात. तिथे काच बसवून घेतली. नंतर कितीतरी वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वखारीत नेऊन वर बोट दाखवायचे आणि नारळाची गोष्ट सांगायचे. त्या भोकामुळे आम्हाला चिकोडी भागात जेवढी कामं मिळाली तेवढी मासिकातल्या फोटोंमुळे मिळाली नाहीत.

असं होतं. लोकांना छप्पर उभं राहिल्याचं कौतुक नव्हतं, पडता पडता राहिल्याचं होतं.

आता ज्या कामासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसलो ते सांगतो.

वडगावात परशरामअण्णा म्हणून विणकर आहेत. त्यांची मागाची शेड आम्ही बांधली. अण्णांनी तेव्हा मजल्याचा प्रश्न विचारला नाही, हे मला अजून आठवतं. त्यांचा दीपक तेव्हा पाळण्यात होता. अण्णा म्हणाले, "माग बसायला पायजेत, मधी खांब नको. बास." एवढं स्पष्ट गिऱ्हाईक आम्हाला पुन्हा मिळालं नाही. आक्कांनी त्या शेडवर जीव ओतला. लांबच लांब एकच कमान, भिंतीपासून भिंतीपर्यंत, मध्ये काही नाही. माग चालू केले तर पहिल्या दिवशी आवाज इतका घुमला की कामगार डोकं धरून बाहेर आले. मग आक्कांनी दोन्ही टोकांच्या भिंतींत गाडगी बसवली, तोंड आत करून, आवाज गिळायला. थोडा फरक पडला, थोडा पडल्यासारखा वाटला. अण्णांनी तक्रार केली नाही. त्या छपराखाली त्यांनी किती साड्या विणल्या असतील! मागांचा तो रात्रंदिवस हादरा सोसूनही छपराला केसाएवढी भेग गेली नाही. आक्का दरवर्षी जाऊन बघून यायच्या. माझ्या मते ते त्यांचं सगळ्यांत चांगलं काम. त्यांच्याही मते तेच होतं.

गेल्या वर्षी माघात अण्णा माझ्या घरी आले. माझं घर शहापुरात, स्लॅबचं, हे इथेच सांगून टाकतो. आमच्या सौभाग्यवतींनी गोल छपराला साफ नकार दिला होता आणि घरात चालतं ते त्यांचंच.

अण्णा बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "मनोहर, दीपकचं जमंना झालंय रं."

मला वाटलं नोकरीचं. दीपक उद्यमबागेत एका कारखान्यात आहे. नोकरी चांगली. जमत नव्हतं ते लग्न. मुलीकडचे घर बघायला यायचे. अण्णांचं राहतं घर म्हणजे शेडच्या मागच्या दोन खोल्या. मुलीकडचे विचारायचे, ही दोघं राहणार कुठं? अण्णा वर बघायचे, मुलीकडचेही वर बघायचे. वर पोट. मग चहा पिऊन निघून जायचे आणि निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही.

"आता निपाणीकडची एक पोरगी हाय," अण्णा म्हणाले. "पोरगी दीपकला पसंत, दीपक तिला पसंत. दोगं फोनवर बोलत्यात, मला म्हायती हाय. पन तिचा मामा म्हनतोय, वर खोली काडा, मग बोलू. तिला बा न्हाय, सगळं मामाच बगतोय. हे गेलं तर पोरगं आता कुनाला बगायला जानार न्हाय म्हनतंय."

"मग?"

"मग काय? ते छप्पर काडायचं. स्लॅब घालायचा. कंत्राटदार आलता, पन त्याची मानसं वर जायाला तयार न्हाईत. हे कुठनं फोडायचं तेच कळत न्हाय म्हनत्यात. तुमी बांधलंय, तुमीच काडा."

मला राग आला होता, पण कुणाचा ते समजत नव्हतं. अण्णांचा येणं शक्य नव्हतं.

दोन दिवसांनी हिंडलग्याला गेलो. आक्कांचे गुडघे आता गेलेत, वॉकर घेऊन चालतात. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रडतील. त्या संतापल्या.

"फोडायचं कशाला रं? वर खोली होती की! मला इचारलं का न्हाय?"

"आक्का, लोकांना पटत न्हाय."

"मग पटवूया!"

हे "पटवूया" ऐकून माझ्या अंगातलं उरलंसुरलं बळ गेलं. उभं आयुष्य पटवण्यातच गेलं होतं. पण आक्कांनी कागद ओढला, खांद्यांवरच्या भिंती काढल्या, वर सपाट जमीन, हलकी खोली, बाहेरून जिना. रेघ अजूनही सरळ. मी तो कागद घेऊन वडगावला गेलो. अण्णांनी बघितला आणि म्हणाले, "मला तुमच्यावर भरोसा हाय. मामाला दावा. मामा हू म्हनला तर मी फोडत न्हाय."

आमच्या कामात छपराची परीक्षा घ्यायची एक रीत आहे. आधी सांध्यांवर जागोजागी पीओपीचे पातळ ठिपके लावायचे. छप्पर जराही हललं तर ठिपका तडकतो. मग वर वजन चढवायचं आणि शेवटी माणसं. आक्कांच्या आजोबांच्या काळापासून म्हणे छप्पर झालं की बांधणाऱ्यांनी वर उभं राहायचं.

रविवारी मामा आले, सोबत निपाणीची चार माणसं. मामा ट्रॅक्टरच्या गॅरेजवाले, बोलायला नीट, हुशार माणूस. आम्ही वाळूची पोती चढवली. सुताच्या गाठी चढवल्या. मग दीपक चढला, त्याचे मित्र चढले. मग गल्लीला चेव आला. गणेशोत्सव मंडळाची पोरं, शेजारचे विणकर, एकाने तर हलगी आणली. आक्का शिडीपाशी गेल्या.

"आक्का, तुमी नको," मी म्हटलं.

"गप रं."

दोघांनी धरून त्यांना वर नेलं. त्या छपराच्या डोक्यावर बसल्या, पाय पसरून, आणि वॉकर वर मागवून घेतला. हलगी वाजायला लागली, पोरं नाचायला लागली. खाली शेडमध्ये मी बॅटरी घेऊन एकेक ठिपका बघत होतो. एकही तडकला नाही. आमच्या जुन्या गवंड्यांपैकी एक गोकाककडचा बसप्पा त्या दिवशी मुद्दाम आला होता. तो भिंतीला हात लावून म्हणत होता, "बीळंगिल्ल री, बीळंगिल्ल." पडत नाही हो, पडत नाही. मी मागे वळून पाहिलं तर मामा शेडमध्ये नव्हते. रस्त्यावर जाऊन उभे होते. तरी सगळं झाल्यावर त्यांनी आत येऊन ठिपके स्वतः बघितले, बोट लावून बघितले, आणि म्हणाले, "मजबूत हाय. मान्य. आमची काय हरकत न्हाय." सुमित्रावैनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, सगळ्यांना शिरा दिला. आक्का इतक्या खूश की त्यांनी माझ्या गालाला हात लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मला वाटलं, संपलं. जिंकलो आपण एकदाचं.

आठवड्याने अण्णा पुन्हा माझ्याकडे आले. या वेळी पाणीही नको म्हणाले. "आक्कांच्याकडं जाऊया," म्हणाले. आम्ही हिंडलग्याला गेलो. अण्णा आक्कांसमोर खुर्चीच्या कडेला बसले.

"आक्का, छप्पर मजबूत हाय. मला आदीपासनं म्हायती हाय. मामानं बी मानलं. पन उद्या तिची आई येनार. मावशी येनार. तिच्या मैतरनी येनार. बाळंतपनाला लोक येनार. परतेकजन वर बगनार आन इचारनार, हे पडत न्हाय न्हवं? आन माज्या सुनंनं दर खेपंला सांगत बसायचं? दर खेपंला पोरं वर नाचवून दावायची? स्लॅबला कोन काय इचारत न्हाय, आक्का. कच्चा असला तरी कोन इचारत न्हाय."

बाहेर जेलची कसलीशी घंटा झाली. अण्णा हे बोलून मोकळे झाले नव्हते, उलट अजून खचल्यासारखे दिसत होते. मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि पटलं याचंच जास्त वाईट वाटलं. मी स्वतः इतकी वर्षं तेच सांगत आलो होतो आणि थकलो होतो. मग ती नवी पोरगी, जिने अजून या घरात पाऊलही टाकलं नव्हतं, तिने का सांगत बसावं?

"काडा," आक्का म्हणाल्या. "पन मी सांगतो तसं. मधनं फोडायचं न्हाय."

गोल छप्पर बांधण्यापेक्षा काढणं अवघड. मध्ये घण घातला तर दोन्ही बाजू एकदम बसतात आणि माणसं जातात. एका टोकापासून सुरुवात करायची. दोन-तीन फरश्यांच्या रुंदीची एक पट्टी, भिंतीपासून भिंतीपर्यंत, तेवढीच काढायची. ती काढली तरी उरलेलं छप्पर पूर्ण कमानच राहतं, फक्त आखूड होतं. मग पुढची पट्टी. भिंतींना ताणून धरणाऱ्या सळया अगदी शेवटपर्यंत सोडायच्या नाहीत.

चैत्रात काम काढलं. माग आधीच हलवून ठेवले होते. आक्का रोज रिक्षाने यायच्या आणि अंगणात खुर्ची टाकून बसायच्या. बसप्पा, मी आणि दोन माणसं. फरश्या शाबूत निघतील अशी मला आशा होती, पण त्या सांध्यावर सुटेनात, मधोमध तुटायच्या. सांधा फरशीपेक्षा घट्ट झाला होता. आक्का एकेक तुकडा हातात घेऊन बघायच्या आणि ढिगावर टाकायच्या. दीपक सुट्टी काढून मदतीला आला. आमच्याशी नजर मिळवत नव्हता. मी त्याला म्हटलं, "अरे, लग्न तुझं हाय, तोंड असं का करतोस?" तो म्हणाला, "काका, मी ह्याच्याखाली अभ्यास केलाय."

शेवटच्या दिवशी एकच पट्टी उरली. आजूबाजूला सगळं मोकळं, वर आभाळ, आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर गेलेली पातळशी एक कमान. मी बसप्पाला म्हटलं, चहा घेऊन मग ही काढू. आम्ही अंगणातल्या लिंबाखाली येऊन बसलो. वैनी चहा घेऊन आल्या.

ऊन मी म्हणत होतं. अण्णा सकाळपासून तुकडे वाहून नेत होते, घामाने निथळत होते. त्यांनी वैनींच्या हातातून कप घेतला, एका हाताने प्लॅस्टिकची खुर्ची ओढत शेडमध्ये नेली आणि सावली बघून बसले. सगळ्या शेडमध्ये सावलीचा एकच पट्टा होता, त्या कमानीचा. अण्णा बरोबर तिच्या खाली बसले होते. वर त्यांनी एकदाही बघितलं नाही. पाय लांब केले, डोळे मिटले आणि बशीत चहा ओतून फुंकर घालायला लागले.

काम चालू असताना खाली कुणी थांबायचं नाही हा आमचा नियम. मी हाक मारायला उठलो. आक्कांनी माझा शर्ट धरला.

"बसू दे रं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पडत न्हाय ते."

मी परत बसलो. आक्का अण्णांकडे बघत राहिल्या. सावली सरकली तशी अण्णांनीही डोळे न उघडताच खुर्ची थोडी सरकवली. आक्कांनी आपला चहा घेतला नाही, तो तसाच थंड झाला.

मग अण्णा उठले, खुर्ची उचलून भिंतीकडेला ठेवली आणि म्हणाले, "चला, राहिलंय तेवढं उरकून घेऊया."

आम्ही उरकून घेतलं.